अर्धाच निरोप
ओल्या पोत्यातल्या झेंडूचा वास आला की चांदूर बाजारचे मामा आठवतात. अकोल्याच्या डॉक्टरांनी त्यांचं हृदय मोठं झाल्याचं सांगितलं होतं, आणि माझं संशोधन नेमकं त्याच विषयातलं. बसस्टँडजवळच्या त्यांच्या फुलांच्या दुकानात ढिगाशी बसून मी ऐटीत समजावलं, "मामा, रक्तदाब वाढला की हृदयाच्या पेशींले वाढायचा निरोप जाते." मामांनी दंड फुगवून दाखवला. "मंजे कसरत करून राहिलं ते! मंग मी गोळी काहून खाऊ?" मला हसू आलं, तेवढ्यात माझी अमरावतीची बस आली. त्याच निरोपानं पुढं हृदयात वण पडतात आणि ते ताठरतं, हे सांगायचं राहूनच गेलं. मामांनी खरोखरच गोळ्या सोडल्या. आता त्यांच्या फोटोला झेंडूचा हार घालताना मामी म्हणते, "पोरी, तुह्या मामाचं दिल लय मोठं होतं," आणि मी मान खाली घालते.