हलणारा कंदील

परवा आमच्या कोचिंग क्लासमध्ये प्रोजेक्टर तापला, जळक्या धुळीचा वास आला आणि मी शिकवता शिकवता थांबले.

भूकंपानंतरच्या वर्षी लातूरला आमच्या कॉलेजात असाच वास आला होता. काळे पडदे लावून भर दुपारी खलाशांवरचा एक जुना नॉर्वेजियन लघुपट दाखवत होते. जहाजाच्या पोटात सहाजण मुकाट्यानं जेवत होते. त्यांच्या डोक्यावरचा कंदील हळूहळू हलायला लागला.

तेव्हा टांगलेला बल्ब हलला की बाहेर पळायचं, एवढंच आम्हाला ठाऊक. "हललं!" असं कोणीतरी ओरडलं आणि सगळा हॉल मैदानात! जमीन मात्र गप्प होती. आम्हाला हसू फुटलं.

राहिलेली चप्पल आणायला मी आत गेले. रिकाम्या खुर्च्यांत आमचे शिपाईकाका एकटेच बसले होते. ते किल्लारीचे. घरातले तेवढेच वाचलेले.

"काका, चला की भाईर."

"त्यान्ला कुठं पळता येतंय, पोरी?" पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "बस जरा. जेवायलेत ते."

मी बसले. कंदील हलतच होता, आणि एकही खलाशी वर बघत नव्हता.

परवा क्लासमधला बंद पंखा मला किंचित हलताना दिसला. समोर शंभर पोरं मान खाली घालून लिहीत होती. एकानंही वर बघितलं नाही.