फ्रेंच टेबलाचा मधला ड्रॉवर

दत्ताकाकांच्या वर्कशॉपमधून घरी आलं की शर्टाच्या खिशात लाकडाचा भुसा निघतो. किश्शांचंही तसंच. आपण गोळा करायला जात नाही, ते आपोआप साठतात आणि भलत्याच वेळी बाहेर पडतात.

काका मूळचे सावंतवाडीचे. सिंगापूरला सेम्बावांगच्या यार्डात जहाजांच्या केबिनचं लाकूडकाम करायला आले, पीआर म्हणजे इथले कायमचे रहिवासी झाले, आणि रिटायर झाल्यावर जवळच्याच एका इंडस्ट्रियल बिल्डिंगमध्ये जुनं फर्निचर दुरुस्त करायला बसले. मी, शिरीष आणि मेधा हे त्यांचे शनिवारचे शागिर्द. तिघंही चांगी बिझनेस पार्कात दिवसभर स्क्रीनकडे बघत बसणारे. आठवडाभर केलेलं काही हाताला लागत नाही, म्हणून शनिवारी हाताला कुसळं टोचून घ्यायला जायचो.

"तुमच्यातला एकही सुतार होणार नाही," काका प्रेमाने सांगायचे, "पण चहा बरा करता."

*

मायदेशी परत निघालेल्या एका फ्रेंच कुटुंबाकडून मेधाने लिहायचं जुनं टेबल घेतलं. बाकदार पाय, वर चामडं, पुढे ओळीने तीन ड्रॉवर. एक पाय खिळखिळा आणि ड्रॉवर फुगून बसलेले. टेबल वर्कशॉपमध्ये आलं तेव्हा काकांनी चामड्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एक ड्रॉवर ओढून काढला, उलटा केला, तळावरून हात फिरवला आणि वास घेतला.

मेधा म्हणाली, "काका, टेबल आहे ते. हापूस नाही."

"हापूस वरून कळतो. टेबल खालूनच बघायचं."

मग ते टेबल घडवणाऱ्या फ्रेंच कारागिराशी त्यांचं बोलणं सुरू झालं. तो कोण, कुठला, काही माहीत नाही. काकांनी त्याचं नाव ठेवलं मुस्यू, म्हणजे फ्रेंचमध्ये साहेब. एखादा सांधा सुबक दिसला की "वा, मुस्यू." कुठे रंधा ओबडधोबड मारलेला दिसला की "इथे जेवायची घाई झाली होती वाटतं." मुस्यूची चूक सापडली की काका खूश व्हायचे आणि त्या दिवशी चहा स्वतः करायचे.

*

खिळखिळा पाय चिकटवायला काका सरस वापरत. तो एका जुन्या राइस कुकरमध्ये मंद गरम होत असे. शिरीषचा तेव्हा चातुर्मास चालू होता, कांदा-लसूण बंद आणि भूक दुप्पट. त्याने कुकरचं झाकण उघडलं, वाटीभर काढून घेतलं आणि चमचा तोंडाशी नेत विचारलं, "काका, कढण कशाचं केलंय?"

काकांनी रंधा थांबवला नाही. "सरस आहे तो. जनावराच्या कातड्याचा. पोटात चिकटेल की नाही ते माहीत नाही, पण चातुर्मास सुटेल."

शिरीष अजूनही कुणाच्या घरचा राइस कुकर उघडण्याआधी वास घेतो.

*

त्या वर्षी खंडेनवमी नेमकी शनिवारी आली. काकूंनी करवती, पटाशा, रंधे ओळीने मांडून हळद-कुंकू वाहिलं. मेधा भाविक. तिने मोठ्या हौसेने ऑफिसचा लॅपटॉपही त्या ओळीत ठेवला. पूजा झाली, प्रसाद झाला, आणि तिने लॅपटॉपला हात घातला तसं काकांनी अडवलं.

"पूजलेलं हत्यार आज चालवायचं नाही. उद्या दसऱ्याला ने."

"काका, आमचं मंथ-एंड चालू आहे. बॉसचा फोन येईल."

"मला दे. मी सांगतो, हत्यारं विश्रांतीला आहेत."

फोन खरंच आला. काकांनी तो घेतला आणि शांतपणे म्हणाले, "टुडे टूल रेस्टिंग. टुमॉरो कॅन." बॉस इथलाच चिनी. त्याने विचारलं, सण आहे का? आहे म्हटल्यावर म्हणाला, "ओके लाह." इतकी साधी रजा मेधाला त्या बँकेत आजवर मिळालेली नाही.

*

काकांचा खरा जीव ड्रॉवरात. त्यांच्या मते ड्रॉवर असा बसला पाहिजे की एक आत ढकलला की कोंडलेल्या हवेने शेजारचा बाहेर यावा. एके दिवशी त्यांनी डावा ढकलला आणि उजवा हळूच बाहेर सरकला. दुसऱ्या कुणाचं कपाट न्यायला आलेला लॉरीवाला अंकल दारात उभा होता. तो दोन पावलं मागे गेला.

"आयो, दिस टेबल गॉट घोस्ट, आह?"

"नो घोस्ट," काका म्हणाले. "फ्रेंचमन."

मग आमच्याकडे वळून त्यांनी नेहमीचं वाक्य ऐकवलं, "माझ्या हातून गेलेलं काम दारात परत येत नाही." मधल्या ड्रॉवरचं काम तेवढं बाकी होतं.

*

बिल्डिंग पाडायची ठरली. काकांनी जाहीर केलं, मुस्यूचं टेबल गेलं की शटर बंद. त्यानंतर टेबलाची घाई कुणालाच राहिली नाही. एका दुपारी चामडं पुसता पुसता त्यांनी मेधाला विचारलं, "शनिवारी काय करतात गं लोक?" ती दुसरं फडकं घेऊन पुसलेलंच चामडं पुन्हा पुसायला लागली.

शेवटी टेबल पासिर रिसला मेधाच्या फ्लॅटवर गेलं आणि शटर खाली आलं. पुढच्याच आठवड्यात तिने फोन केला, "काका, मधला ड्रॉवर अडकतोय." मला वाटलं, आता म्हातारा दुखावणार. पण तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत काका म्हणाले, "शनिवारी येतो."

बेटाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला एमआरटीने, म्हणजे मेट्रोने आले. सोबत काकू, पिशवीत छोटा रंधा. आम्हीही जमलो. काकांनी ड्रॉवरच्या कडेचा एक पातळ पापुद्रा काढला आणि रंधा ठेवून दिला. "लाकडाला घाई चालत नाही. पुढच्या शनिवारी बघू." मग पोहे, चहा, आमच्या सुतारकीचा उद्धार. पुढच्या शनिवारी आणखी एक पापुद्रा. असं करत संक्रांत आली आणि गेली.

परवा काका हात धुवायला आत गेले असताना शिरीषने सहज मधला ड्रॉवर ढकलला. तो लोण्यासारखा आत गेला आणि दोन्ही बाजूंचे ड्रॉवर अलगद बाहेर आले.

"अरे, हा तर..." शिरीषने तोंड उघडलं.

काकूंनी त्याच्या हातात बशी दिली. "शिरीष, आधी पोहे खा."

काका हात पुसत बाहेर आले. "काय म्हणतोय ड्रॉवर?"

मेधा दोन्ही हात पसरून टेबलापुढे उभी राहिली. "अडकतोय काका अजून."

काकांनी टेबलाकडे पाहिलंही नाही. रंधा पिशवीत ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

"मुस्यूचं काम आहे ते. वेळ लागणारच."