रंभाबाईची उंची

नाव रंभाबाई, जौजे रामाजी. जात कोष्टी. उंची : अतिशय ठेंगणी. व्यवसाय : नाही. उंबरठ्यावरून घरात पाणी : नाही. सबब नुकसान : नाही. नाग नदीच्या पुराची पाहणी करणाऱ्या मधुसूदनराव कारकुनांनी हे सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

नदीकाठच्या कोष्ट्यांकडे पूर दारातून येत नाही. विणकर ज्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसतो, त्या खड्ड्यातून, जमिनीखालून तो चोरासारखा वर चढतो. त्या सकाळी तो पायाने दाबायच्या पावड्यांपर्यंत चढला तेव्हा रामाजी सूत आणायला खाप्याला गेलेला, आणि तिकडे कन्हान नदीही फुगलेली. मागावर अर्धं लुगडं.

"कापून घेतो, आत्याबाई," रंभाबाई म्हणाली.

सासू रुखमाबाई खाटेवरून ओरडली, "हात नोको लावू वं! अर्धं कापड मागावरून कापलं का घरधन्याचं आयुष्य तुटते. तो तिकडं पुरात, अन् तू इकडं कैची घेऊन राहिली?"

रंभाबाईने कैची खाली ठेवली. पाणी काही सासुरवाशीण नव्हतं. ते वर येत राहिलं. विणलेलं लुगडं ज्या दांड्यावर गुंडाळलेलं, तो पाण्यापासून बोटभरच उरला. तिने देवाकडे पाहिलं नाही, सासूकडेही नाही. कैची चालली. रुखमाबाईने असा हंबरडा फोडला की शेजारणी रामाजीच्या मयतीलाच जमल्या.

दुपारी मयत स्वतःच दारात उभा राहिला, गुडघाभर चिखलात माखून.

"लुगडं काहून कापलं वं?" पहिला प्रश्न हा.

रंभाबाई हसली की रडली, ते शेजारणींना ठरवता आलं नाही. रामाजी भिजलेलं सूत वाळवायला शेजारी गेला. पूर खड्ड्याच्या काठाशीच थांबला होता. तिने पदर खोचला, खड्ड्यात उतरली आणि गडव्याने पाणी उपसू लागली.

तेवढ्यात मधुसूदनराव आले. छत्री मिटायची नसल्यामुळे त्यांनी दारातूनच अंधारात डोकावलं.

"उंबरठ्यावरून पाणी आलं का, बाई?"

"नाही जी. पण ह्या खड्ड्यातून..."

"विचारलं तेवढंच सांग. कामधंदा काय करतेस?"

"मागावर बसतो जी."

"माग नवऱ्याचा. म्हणजे काही नाही."

त्यांनी तिच्याकडे एकवार नीट पाहिलं आणि उंची लिहिली.

रंभाबाई कमरेपर्यंत खड्ड्यात उभी होती. एरवी त्या दारातून आत येताना तिला वाकावं लागे.