खडखडता पंखा आणि शेजारधर्म

कडेगावात आम्ही भाड्यानं राहायचो तेव्हा भिंतीला भिंत लागून एक निवृत्त फौजी राहत. देशाची सेवा संपल्यावर त्यांनी आमची हाती घेतली होती. आमचा छताचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा खडखडायचा. आम्हाला त्याची सवय झाली होती. त्रास त्यांनाच फार.

"गुरुजी, आमच्या पलटनीत असला आवाज चालला नसता," म्हणत एका रविवारी सकाळी ते पक्कड घेऊन आलेच. पात्यांचे ढिले स्क्रू आवळले, वर तेल सोडलं. चहासुद्धा घेतला नाही. पंखा मुका झाला. असा निःस्वार्थी माणूस विरळाच, असं मी बायकोला म्हणालोसुद्धा.

संध्याकाळी ते अंगणात भेटले. "वैनींचं बरोबर हाय, गुरुजी. थोरलीला दहिवडीला देऊ नका. पाण्याचे लय हाल हायत तिकडं."

हे आम्ही दुपारी जेवताना, अगदी हळू आवाजात बोललो होतो.

दुसऱ्या दिवशी मी स्टुलावर चढलो, तेच स्क्रू ढिले केले आणि बटण दाबलं. पंखा झकास खडखडला. स्टूल जागेवर ठेवतोय तोच दारात पक्कड दिसली.

"परत वाजाय लागला व्हय? आवं, मी हाय की!"