मागची फळी

एखादी जुनी लाकडी नाव घ्यायची आणि हिवाळाभर आपल्या हाताने दुरुस्त करायची, हे खूळ आमच्या मालकांच्या डोक्यात शिरलं तेव्हा मी हसले. भीमाकाठची सगळी माणसं आता फायबरच्या होड्या घेतात, आणि यांना लाकूडच हवं.

हसले खरी, पण आतून धास्तावले होते. आमच्या इथे धरणाच्या फुगवट्यावर मासे धरायला नवरा-बायको एका नावेत जातात. नवरा पुढे बसून जाळं सोडतो, बायको मागच्या फळीवर बसून वल्हवते. तीस वर्षं मी वल्हवलं आणि गेल्या साली उजवा खांदा धरला. डॉक्टरीणबाईंनी वल्हं बंद म्हणून सांगितलं. मालकांनी दुसऱ्या कुणाला माझ्या जागी बसू दिलं नाही. आमची पत्र्याची होडी विकली, काठावर गळ टाकून बसू लागले आणि घरी येऊन माझ्या कालवणाला नावं ठेवू लागले.

श्रीगोंद्याकडच्या एका गावात दोन जुन्या नावा आहेत असं कळलं, तशी मीही बरोबर गेले. एक लांबलचक, सागवानी, थेट माझ्या सासऱ्यांच्या नावेसारखी. मालक मुलगी बघायला आल्यासारखे तिच्याभोवती फिरले. फळ्या टोचल्या, खिळे खरवडले.

"लाकूड एक नंबर हाय," नाववाला म्हणाला, "पन जड हाय. वल्हवनारं मानूस दांडगं पायजे."

ही घरी आली की माझं पाण्यावर जाणं संपलं. बोलले असते तर रडू आलं असतं, म्हणून तोंड फुगवून बसले. ते मला चांगलं जमतं.

दुसरी नाव पालथी घातलेली, लहान, हलकी, बुडाच्या दोन फळ्या कुजलेल्या. मालकांनी ती सरळ करवून घेतली आणि मागच्या फळीवर जाऊन बसले. गुडघे पार हनुवटीला टेकले.

"ही फळी वीतभर मागं घेता यील का?" त्यांनी विचारलं.

मग मात्र माझा पारा चढला. "माझे पाय आखूड हायत. माप घ्यायचं तर माझं घ्या की."

"तुझं कशाला? तू म्होरं बसनार. जाळं सोडायला खांदा उचलावा लागत न्हाई. वडायचं मी बगतो."

"आन् वल्हवनार कोन?"

"बसलोय की हितं," मालक म्हणाले.

नाववाला हसू दाबत दुसरीकडे बघू लागला. मला इतका आनंद झाला की मी लगेच त्या नावेत चार चुका काढल्या.

थंडीभर खपून त्यांनी बुडाच्या फळ्या बदलल्या, डांबर लावलं, मागची फळी वीतभर सरकवली. पहिल्या दिवशी पाण्यात उतरलो तर नाव घाण्याच्या बैलासारखी जागच्या जागी फिरायला लागली. काठावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. मी पुढे जाळं धरून बसले होते. तीस वर्षं मी यांची पाठ बघितली. राग आला, दमले, मासा लागला, सगळं मला त्या पाठीवरून कळायचं. आज समोर नुसतं पाणी होतं.

बराच वेळ मागून वल्ह्याचाच आवाज येत होता. मग तोही थांबला.

"तुजे मागचे केस लई पिकलेत की गं," मालक हळू आवाजात म्हणाले. "मला कदी दिसलंच न्हाई."

"आदी नाव सरळ न्या," मी म्हटलं, आणि मागे न बघता जाळं सोडायला घेतलं.