चिंतामण सरांच्या हाताच्या सेटिंग्ज

चिंतामण पाठक अकोल्यात एकतीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत त्यांचा उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. फळ्यावरचं सुरेख अक्षर गेलं, सहीसुद्धा जमेना. तेव्हा गौरांग या जुन्या विद्यार्थ्याने त्यांना आपला कॉम्प्युटर दिला आणि सेटिंग्जही त्यांच्या हाताप्रमाणे लावून दिल्या. कळ चारदा दाबली गेली तरी अक्षर एकदाच उमटे, माउस संथ चाले.

त्यावर सर एका संस्थेचं टायपिंग करत. नवरा गेल्यावर शेती एकटीने ओढणाऱ्या बायकांची निवेदनं. दोन हजार आठ साल होतं, अशा बाया तेव्हा गावोगाव होत्या. ‘मले’चं ‘मला’ करायचं नाही, हा सरांचा नियम. बाई बोलली तसंच कागदावर यायला पाहिजे, म्हणत.

नोव्हेंबरात लाइट गेली-आली, गेली-आली आणि कॉम्प्युटर बंदच पडला. दुकानदाराने नवी हार्डडिस्क बसवून, सगळं नव्याने टाकून दिलं. सरांचे कागद सीडीवर होते, ते परत आले. पण सरांनी ‘मले’ लिहिलं तर पडद्यावर ‘मममलले’ आलं.

सोमवारी अमरावतीला सुनावणी होती. चांदूर रेल्वेकडच्या केशरबाईचं नाव, नवरा जाऊन चार वर्षं झाली तरी, सातबाऱ्यावर चढलं नव्हतं. तिचं निवेदन अर्धंच टाइप झालेलं. शनिवारी सकाळी सरांनी गौरांगला बंगलोरला फोन लावला.

“सर, सेटिंग्जची फाइल सीडीवरच आहे,” गौरांग म्हणाला. “टर्मिनल, म्हणजे हुकूम लिहायची खिडकी, उघडून एक ओळ लिहायची. सगळं जसंच्या तसं येईल.”

“ती ओळ लिहायची कोणी?”

माउसने करावं तर बाणही जागेवर ठरत नव्हता. दुकानदार लग्नाला अचलपूरला गेलेला. अकराला भारनियमन सुरू होणार होतं.

शेवटी सरांच्या पत्नी सिंधूताई खुर्चीवर बसल्या. त्यांना इंग्रजी अक्षरं येत, पण फक्त मोठी. फोनवरून गौरांग एकेक अक्षर सांगे, त्या कळ शोधत.

“मी जी दाबला, हे भलतंच आलं.”

“तेच आहे, काकू. लहान लिपीतलं.”

“बरं. पुढं?”

“आता जागा सोडा. खालची लांब पट्टी, एकदाच.”

पहिल्यांदा फाइल सापडत नाही असं आलं. दुसऱ्यांदा एक आडवी रेघ कमी पडली. सर मागे उभे होते, हात खिशात घालून. त्यांना चूक दिसत होती, पण कळ दाबता येत नव्हती. तिसऱ्यांदा पडद्यावर काहीच आलं नाही.

“काहीच नाही झालं,” सिंधूताई म्हणाल्या.

“कॉम्प्युटर काही बोलला नाही म्हणजे झालं. आता लॉग-आउट करून पुन्हा आत या.”

पडदा जुन्यासारखा दिसू लागला. सर बसले, लिहिलं. ‘ममले’. पुन्हा लिहिलं, ‘मलले’.

“गौरांग, ही फाइल कधीची?”

“तीन वर्षांपूर्वीची, सर. तेव्हाच्या तुमच्या हाताप्रमाणे दोन कळांमधली वेळ लावली होती.”

सरांनी दोन्ही शब्द खोडले. मग म्हणाले, “हात आता तसा राहिला नाही रे.”

गौरांगने आणखी एक ओळ सांगून वेळ वाढवून दिली. शब्द नीट उमटू लागला, पण प्रत्येक कळीनंतर थांबावं लागे. दोन ओळी झाल्या आणि लाइट गेली.

रविवारीही पान पुरं झालं नाही. अर्धं टाइप केलेलं आणि अर्धं संस्थेच्या कार्यकर्त्याने हाताने लिहिलेलं, असं निवेदन सोमवारी अमरावतीला गेलं. ते घेतलं गेलं, पण साहेब रजेवर होते. केशरबाईला पुढची तारीख मिळाली.

महिनाभराने कार्यकर्ता नवे कागद घेऊन आला. सरांनी ते चाळले आणि परत केले.

“अमरावतीला राजापेठेत कोणी टायपिंगवाला बघा,” ते म्हणाले. “माझ्यापायी बायांचं काम अडायले नको.”

“तुमच्यासारखं कोणी करत नाही, सर.”

“माहीत आहे,” सर म्हणाले आणि त्याला सोडायला फाटकापर्यंत गेले.