जावयाची तिसरी खेप

आमच्या तपासणीच्या खोलीत एकेकाळी पाच माणसं होती. आता दोनच उरलोत, मी आणि थेंबकाका. हे नाव मी ठेवलेलं नाही, मी येण्याआधीपासूनचं आहे. पोलादाच्या कुठल्याही तुकड्यावर कसला मुलामा आहे, ते हा माणूस ड्रॉपरच्या थेंबाने सांगतो. फसफसला की जस्त, नुसता बसून राहिला की दुसरं काहीतरी, मग पुढची बाटली. एकतीस वर्षं हेच. हॉटेलात चहाला बसले तरी खुर्चीच्या पायाचा रंग नखाने खरवडून बघणार. काकू गेल्यापासून बोलणं कमी झालं, थेंब तेवढे चालू राहिले. गुडघे गेलेले, नजर अधू, निवृत्तीला दीड महिना. खरं सांगायचं तर आम्ही दोघंही पार कंटाळलो होतो.

त्यात घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. काकांच्या जावयाचा प्लेटिंगचा छोटा कारखाना. बसच्या ब्रेकच्या नळ्यांना लागणारे नट तो जस्ताचा मुलामा देऊन आमच्याकडे पाठवायचा. दोन खेपा नापास झाल्या होत्या. तिसरीही झाली की यादीतून नाव कट, आणि आमच्याशिवाय त्याला दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. म्हणजे कारखान्याला कुलूप, आणि काकांची एकुलती एक लेक दोन पोरांसह उघड्यावर. काकांनी साहेबांना आधीच सांगितलं होतं की नातं आहे, दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. साहेब म्हणाले, दुसरं आहे कोण? खरंच कुणी नव्हतं.

आमच्याकडे एक पेटी आहे, तिच्यात मिठाच्या पाण्याचा फवारा सतत उडत असतो. नट चार दिवस आत टांगायचे आणि गंज कधी धरतो ते बघायचं. टांगण्याआधी थिनरने पुसायचे, हा नियम. कारण तेलकटपणा राहिला तर मीठ आतपर्यंत पोचत नाही आणि टाकाऊ मालही चांगला दिसतो. रस्त्यावर ते तेल दोन धुण्यांत जातं, मग नट सडतो आणि गाडीत माणसं बसलेली असतात. जावयाची तिसरी खेप आली त्या दिवशी मी पुसले नाहीत. मुद्दाम नाही. थिनर संपलं होतं, स्टोअर कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि माझे पाय भरून आले होते. नट दिसायला कोरडे ठणठणीत. दिले टांगून.

चार दिवसांनी एकाही नटावर डाग नव्हता. काकांपेक्षा मलाच जास्त आनंद. रिपोर्टवर ‘पास’ लिहून सहीसाठी पुढे सरकवला. काकांनी पेन उघडलं, एक नट उचलून नळाखाली धरला आणि पेन पुन्हा बंद केलं. पाणी नटावर पसरत नव्हतं, गोळे होऊन घरंगळत होतं.

“बाई, पुसले होते ना हे?”

खोटं बोलता आलं असतं, पण जीभ रेटली नाही. मी नाही म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. वर मीच त्यांच्यावर चिडले. म्हटलं, करा ना सही, दीड महिन्याने तुम्ही घरी बसणार, कोण विचारतंय तुम्हाला? काका गुडघ्यावर हात टेकून उठले आणि स्वतः जाऊन थिनर घेऊन आले. जायला-यायला अर्धा तास लागला त्यांना.

त्याच खेपेतला एक नट त्यांनी पुसला आणि वर थेंब टाकला. जस्तावर राखणीचा शेवटचा थर असला की या थेंबाला काळं पडायला वेळ लागतो. इथे पाच आकडे मोजायच्या आत डाग पडला. थर नव्हताच, नुसतं तेल होतं. नियमाप्रमाणे पुसलेले नट पुन्हा पेटीत गेले. दुसऱ्या दिवशी पांढरा गंज आला, तिसऱ्या दिवशी तांबडा. काकांनी ‘नापास’ लिहिलं, सही केली आणि मला चहा सांगायला लावला. मला त्यांचा इतका राग आला की मी चहा प्यायलेच नाही.

दुपारी लेक आली. स्टुलावर बसली. रडली नाही, भांडली नाही. मी बाहेर निघाले तर काका म्हणाले, बसा तुम्ही. त्यांना एकट्याने ऐकायचं नसावं.

शेवटचा थर देणाऱ्या टाकीतलं रसायन बिघडलं होतं, नवीन यायला महिना लागणार होता, आणि माल तर लगेच हवा होता, असं ती सांगत गेली. मग म्हणाली,

“तेल यांनी नाही लावलं, बाबा. यांना ठाऊकही नाही. मी लावलं.”

काकांनी बापासारखं नाही, तपासनिसासारखं विचारलं, “किती नटांना?”

“सगळ्यांना. सहा हजार. फडक्याने, एकेक.”

“वरच्या थोड्यांना लावून भागलं असतं.”

“तुम्ही तळातून उचलता, बाबा.”

काकांनी तिचे हात ओढून घेतले. बोटांची सालं निघाली होती, दोन नखांखाली रक्त साकळलेलं. त्यांनी मला विचारलं, कपाटात मलम आहे का? मी मलम घेऊन वळले, तर काका रडत होते आणि लेकच त्यांची पाठ थोपटत होती.